तीस दिवसांचा श्रावण

आमच्या दुकानात बारा महिने श्रावण असायचा. बाहेर दहिवलीच्या रस्त्यावर ऊन मी म्हणत असू दे, नाहीतर माणसं स्वेटर घालून चहा पीत असू देत, काउंटरवरच्या संगणकाच्या कोपऱ्यात तारीख ऑगस्टचीच. नवं गिऱ्हाईक बिल हातात घेऊन चक्रावायचं. "अहो, परवा होळी झाली, आणि बिल ऑगस्टचं कसं?" मग काका शांतपणे खिशातलं पेन काढायचे, ऑगस्ट खोडायचे, वर मार्च लिहायचे आणि शेजारी सही ठोकायचे. "यंत्राचं मनावर घेऊ नका," म्हणायचे. जुनी गिऱ्हाइकं तेवढीही तसदी घेत नसत.

हे काका म्हणजे माझे पहिले मालक. कॅमेऱ्यांचं दुकान. सोसायट्या, शाळा, भाताच्या गिरण्या, फार्महाऊसं, जिथं म्हणाल तिथं कॅमेरे बसवून द्यायचे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग कॅमेरे. कर्जतमधलं जुनं घराणं, सगळं गाव काका म्हणायचं म्हणून मीही म्हणायला लागले. माझं सासर खोपोलीचं, संगणकाचा कोर्स केलेला, घरी बसून जीव कावलेला. नोकरी मागायला गेले तर त्यांनी ना मार्कशीट बघितली, ना काही विचारलं. म्हणाले, "महिनाभर बघू. मी तुला बघतो, तू मला बघ. पटलं तर राहू." महिना झाला, वर्ष झालं, पुढची कितीतरी वर्षं झाली, पण पटलं असं ते कधी बोलले नाहीत. मीही नाही बोलले. बहुतेक अजून आमचं बघणं चालूच असावं.

या माणसाचं सगळं आयुष्य ट्रायलवर चाललेलं. बाजारपेठेतल्या कापड दुकानात पँट घ्यायला गेले की ती घालून आधी खाली मांडी घालायचे. मग उकिडवे बसायचे. मग दुकानदाराच्या स्टुलावर चढून छताला हात लावायचे, कारण कॅमेरा बसवणाऱ्याची पँट शिडीवर उसवली तर शोभा होते. तो दुकानदार पुढंपुढं काका दिसले की स्वतःच स्टूल पुढं सरकवायचा. एकदा त्यांनी मिक्सर आठवडाभर वापरून बघायच्या बोलीवर आणला आणि आठवडाभर घरात नुसत्या चटण्या वाटल्या. जवसाची, कारळ्याची, लसणाची, खोबऱ्याची. मग मिक्सर पुसूनपासून परत केला, वर दुकानदाराला चारी चटण्यांचा डबा दिला. "आवाज फार करतो हो तुमचा मिक्सर. चटण्या मात्र खा, छान झाल्यात." तो बिचारा मिक्सर घेऊन रागवावं की डबा घेऊन हसावं, या पेचात.

मी एकदा म्हटलं, "काका, लग्नाचं काय केलंत मग? तिथं कुठली ट्रायल?"

"तिथंच तर फसलो," काका म्हणाले.

काकू नेमक्या जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "ट्रायल असती तर हे अजून पहिल्याच महिन्यात असते. तारीख मागं नेत बसले असते."

आता ते तारीख मागं नेणं काय, ते सांगते. चार-सहा कॅमेरे असले की नुसत्या टीव्हीवर भागतं, पण वीस-पंचवीस झाले की ते सांभाळायला सॉफ्टवेअर लागतं. सगळे कॅमेरे एका पडद्यावर दिसतात, रेकॉर्डिंग साठतं, आणि अमक्या दिवशी मागच्या फाटकावर काय झालं असं विचारलं की ते काढून दाखवतं. कंपन्या हे सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट वापरायला देतात. तीस दिवस संपले की पडद्यावर पिवळी पट्टी येते, मुदत संपली, लायसन्स घ्या. लोक एकतर घेतात नाहीतर काढून टाकतात. आमचे काका तिसऱ्याच जातीचे. इंटरनेटची वायर ते आधीच उपटून ठेवायचे. पिवळी पट्टी आली की जुनं रेकॉर्डिंग पुसायचे आणि संगणकाची तारीख मागं, ट्रायलच्या पहिल्या दिवसावर नेऊन ठेवायचे. त्या साध्याभोळ्या सॉफ्टवेअरला वाटायचं आपण आजच आलोय. दुकानात ते पहिल्यांदा टाकलं श्रावणात, म्हणून आमच्याकडे कायम श्रावण.

बरं, माणूस लबाड म्हणावा तर तसंही नाही. कल्याणचा एक विक्रेता एकदा चोरटी कॉपी घेऊन आला, कायमची चालेल म्हणाला. आमच्याकडे वीजबिलवाल्यालाही चहा मिळायचा, पण त्याला काकांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "ही म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली करून घेणं झालं," म्हणाले. मी लगेच पकडलं त्यांना. "आणि तुमचं ते तारखेचं काय मग?"

"ते वेगळं. घड्याळ माझं आहे. माझ्या घड्याळात किती वाजवायचे ते मी ठरवणार."

मी त्या दिवसाच्या बिलांवरचे ऑगस्ट खोडायला घेतले.

या श्रावणाचा फायदा एकट्या काकूंना झाला. त्यांचा वाढदिवस श्रावणातला, आणि काकांनी तो संगणकावर आठवण म्हणून घालून ठेवलेला. त्यामुळं दर महिन्याला एकदा तो पडद्यावर उगवायचा. आणि काका, खरंच सांगते, दर महिन्याला स्टेशनजवळून गजरा घेऊन घरी जायचे. यंत्र सांगतंय तर आणावा, म्हणायचे. काकू नाक मुरडायच्या. "वर्षाला बारा वाढदिवस. या हिशेबानं मी तुमच्या आजीहून मोठी झाले." गजरा मात्र माळायच्या.

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं.

खालापूरच्या बाजूला, शिळफाट्यावरून आत, मुंबईच्या एका साहेबांचं फार्महाऊस होतं. मोठी बाग, विहीर, मागच्या फाटकापलीकडं दुसऱ्याची भातशेती. गणपती उठल्यावर आम्ही तिथं कॅमेरे बसवले. साहेबांनी लायसन्सचं विचारलं, तर काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "घाई काय? वापरून बघा, पटलं तर घेऊ." साहेब खूश. महिना-दीड महिन्यातून एखाद्या शनिवारी येणारा माणूस, त्याला काय पडलीय.

तिथला राखणदार बुधाजी. डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. वाडीतली निम्मी माणसं आसपासच्या फार्महाऊसांवर कामाला. काकांची एक पद्धत होती, कॅमेरा नीट बसला की नाही ते बघायला ते राखणदारालाच प्रत्येक कॅमेऱ्यापुढं उभं करायचे आणि हात वर करायला सांगायचे. बुधाजीनं ते भलतंच मनावर घेतलं. डोक्याला फडकं बांधून एकेका कॅमेऱ्यापुढं जाऊन छाती काढून उभा राहायचा आणि सलाम ठोकायचा. पुढं आम्ही कधीही गेलो की न सांगता सगळीकडं सलाम करून यायचा, मग गुळाचा चहा करायचा. काकांना तो फार आवडायचा. त्यानं एकदा विचारलं होतं, "काका, हे टायल टायल म्हंतात, ते काय आस्तं?" काकांनी त्याला पँटपासून लग्नापर्यंत सगळं समजावलं, आणि त्या भरात तारीख मागं न्यायची करामतही करून दाखवली. बुधाजी खूप हसला. "म्हंजी त्याला कळतच नाय मुदत सरली ते?"

तर तिथलीही मुदत सरली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. काका स्कूटरवरून गेले, तारीख मागं नेली आणि आले. मला म्हणाले, "खालापूरची ट्रायल ताजी करून आलो." भाजी ताजी आणावी तसं.

तुळशीची लग्नं लागत होती तेव्हाची गोष्ट. सकाळी वडापाव आणलेले, मी आणि काका खात होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"काका, मानलं तुमच्या कॅमेऱ्याला. चोर सापडला."

विहिरीवरची पाण्याची मोटर गेली होती. पावसाळाभर ती पंपाच्या खोलीत नुसती पडून होती, म्हणून कधी गेली ते कुणालाच कळलं नव्हतं. आता बागेला पाणी द्यायला बघतात तर जागा रिकामी. साहेबांनी स्वतः बसून रेकॉर्डिंग पहिल्यापासून बघितलं. दोन माणसं, तोंडाला फडकी, भर दुपारी मागच्या फाटकातून मोटर उचलून टेंपोत टाकतात. कुलूप तोडलेलं नाही, किल्लीनं उघडलेलं.

काकांची कळी अशी खुलली की काय सांगू. मला खूण करून म्हणाले, पेढे आण. मग सहज विचारलं, "तारीख कुठली हो?"

"घटस्थापनेची. आणि त्या दिवशी तिथं बुधाजी एकटा होता. किल्ली त्याच्याकडंच. मी आज इथंच आलोय, संध्याकाळी पोलिसांना बोलावतो. आणि या वाडीतलं एकही माणूस पुन्हा कामावर ठेवायचं नाही, असं शेजारच्या सगळ्या मालकांना सांगणार आहे."

काकांनी हातातला वडापाव खाली ठेवला. फोन बंद केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून महिना पुढं मोजला. मग म्हणाले, "घटस्थापना नव्हे गं ती. दिवाळीतला पाडवा आहे तो."

बुधाजी दिवाळीत तिथं नव्हताच. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, ती धनत्रयोदशीला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात दाखल झाली आणि हा भाऊबीज होईस्तोवर तिथंच बाकड्यावर बसून होता. काकूंनीच त्याला दोन दिवस डबा पाठवला होता. त्या दिवसांपुरता साहेबांनी कुठून तरी बदली राखणदार आणलेला, किल्ली त्याच्याकडं. म्हणजे चोरी त्याच्या वेळची आणि गळ्यात बुधाजीच्या. आणि हे कशामुळं, तर आमच्या काकांना लायसन्स न घेता तारीख मागं न्यायची हौस म्हणून. मला त्यांचा इतका राग आला होता की वडा गिळवेना.

स्कूटरवर मागं बसून मी विचार करत होते. शिळफाट्याच्या सिग्नलला मला युक्ती सुचली. "काका, संगणकात आत एक बारका सेल असतो बघा. तो संपला की घड्याळ बिघडतं. तसं सांगा ना. तुमचं नाव खराब व्हायला नको, बुधाजीही सुटेल."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं झालं काम. पण फाटकापाशी स्कूटर लावताना म्हणाले, "सेल गेला म्हटलं तर घड्याळ किती चुकलं ते कोण सांगणार? साहेब म्हणतील, चुकलं असेल नाहीतर नसेलही. बुधाजीवरचा डाग अर्धाच पुसला जाईल. मी नेलीय तारीख मागं, बरोब्बर महिना. ते मीच सांगायला पाहिजे."

साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. बुधाजी खाली पायरीशी, उकिडवा, फडकं हातात. आमच्याकडं बघून उठलासुद्धा नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यांना सलाम नाही आणि चहाही नाही.

काका उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, ती तारीख खोटी आहे. मी खोटी केलीय."

आणि सगळं सांगितलं. ट्रायल, मुदत, पिवळी पट्टी, मागं नेलेली तारीख. घड्याळ माझं आहे वगैरे काही नाही. आत जाऊन पडदा दाखवला, त्यावर त्या क्षणीही महिन्यापूर्वीची तारीख होती.

साहेब भडकले. "म्हणजे तुम्ही मला फसवत होता?"

"हो," काका म्हणाले.

या एका शब्दानं साहेब जरा गांगरले. पण पटलं नव्हतं त्यांना. "आणि हे मी खरं कशावरून धरू? तुमची याची दोस्ती मला माहीत आहे. घड्याळ काय, तुम्ही आत्ता आत जाऊन फिरवलं असेल. मला त्यातलं कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

ज्यानं जन्मभर कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याला हे ऐकावं लागत होतं, आणि ते ऐकायची पाळी त्यानं स्वतःच आणली होती. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. त्यांनी खुर्ची ओढून साहेबांना बसवलं. "तुम्ही स्वतःच परत लावा. मी हात लावत नाही. फक्त या खेपेला चोरांकडं बघू नका, बाकीचं सगळं बघा."

साहेबांनी लावलं. तीच दुपार. फाटक. टेंपो. दोन फडकी. फाटकामागं शेत होतं, ते कापून झालेलं, भाताचे भारे रचलेले. घटस्थापनेला भात अजून उभाच असतो. साहेबांच्या ते गावीही नव्हतं. मुंबईच्या माणसाला भात कधी कापतात ते कोण सांगणार? मी तोंड उघडणार होते, काकांनी डोळ्यांनी दटावलं. साहेब बघत राहिले. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी वाऱ्यानं हललं, तशी त्यांनी चित्र थांबवलं.

फाटकाच्या कमानीला मोठा पिवळा आकाशकंदील टांगलेला होता.

"हा मी लावलाय," साहेब हळूच म्हणाले. "धनत्रयोदशीला. मुंबईहून आणला होता." मग कंदिलावर बोट ठेवून, "शिडी बुधाजीनं धरली होती. आणि मग तो रजेवर गेला, मुलीसाठी."

घटस्थापनेला कुणी आकाशकंदील लावत नाही, हे मुंबईच्या माणसालाही कळतं.

साहेब बाहेर आले. माफी मागतील असं मला वाटलं होतं. पण मोठ्या माणसांना ते जमत नाही. घसा साफ करून म्हणाले, "ठीक आहे बुधाजी. गैरसमज झाला. उद्यापासून ये कामावर." जसं काही त्याचंच चुकलं होतं आणि यांनी पोटात घातलं. बुधाजी उठला, फडकं झटकलं, डोक्याला बांधलं आणि फाटकातून निघून गेला. आमच्याकडंही बघितलं नाही.

मोटर काही मिळाली नाही, बदली राखणदाराचा फोन कायमचा बंद. परत आल्यावर काकांनी त्याच दिवशी कंपनीला फोन लावला आणि दोन लायसन्स मागितली, एक खालापूरचं, ते स्वतःच्या पदरचं, आणि एक दुकानाचं. पलीकडच्या मुलीनं पडद्यावर काय दिसतंय ते वाचायला लावलं आणि बुचकळ्यात पडली. "पण सर, तुमची ट्रायल अजून बरेच दिवस बाकी दाखवतेय."

"बाकी असू दे, मुली," काका म्हणाले.

मग त्यांनी संगणकाची तारीख खरी केली. आमचा श्रावण एका क्षणात संपला. खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "एकदम म्हातारा झालो गं." हे सगळं ऐकून काकूंनी फक्त एवढंच विचारलं, की मग गजरा आता वर्षातून एकदाच का. पुढच्या महिन्यात काका गजरा घेऊन गेले. यंत्रानं काही सांगितलं नव्हतं.

खालापूरहून परतल्याला आठवडा होतोय तोच साहेबांचा फोन आला होता. बुधाजी येत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, तुम्ही त्याला घेऊन या. काकांची जायची हिंमत होत नव्हती. मीच स्कूटरची किल्ली त्यांच्या हातात दिली.

वाडीत पोचलो तेव्हा बुधाजी अंगणात नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. मुलीनं पाणी दिलं. काका पाण्याचा तांब्या हातात धरून तसेच बसले. शेवटी म्हणाले, "बुधाजी, चूक माझी होती. तुझ्यावर बालंट माझ्यामुळं आलं."

"ते हाय," बुधाजी म्हणाला. उगाच नाही-नाही केलं नाही त्यानं. मला बरं वाटलं. "पन तुमी येऊन बोलला. दुसरा नसता बोलला."

"साहेब बोलावतायत. येशील?"

बुधाजीनं पोराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "पोरीचं बाळंतपन हाय, काम तर पायजे. येतो. पन सायबाला सांगा, आता मी बघनार. महिनाभर टायलवर ठेवीन त्याला. पटला तर ऱ्हाईन."

काकांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. तांब्या खाली ठेवून, अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि महिना संपल्यावर?"

बुधाजीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. तोही हसत होता, पण थोडंच.

"मग बघू. पन काका, तारीख मागं न्यायची नाय."